मिरेय: एका फ्रेंच स्त्रीनामाचे मूळ आणि त्याचा अर्थ

शब्दयात्री

माझी भाची मार्सेयला स्थायिक झालेली आहे. तिच्या मुलीसाठी सासरकडून जी नावे सुचवली गेली, त्यांत 'मिरेय' हे एक होते आणि त्याचा अर्थ काय, असे तिने मला विचारले. नावांचे अर्थ सांगणाऱ्या संकेतस्थळांवर याचे उत्तर चटकन मिळते. कोणी 'अद्भुत' म्हणते, कोणी 'पाहत राहावी अशी' म्हणते, तर कोणी 'मारी (येशूची आई मेरी) या नावाचे प्रोव्हान्साल, म्हणजे दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताच्या भाषेतले, रूप' असे लिहून मोकळे होते. ही तिन्ही उत्तरे इतक्या खात्रीने दिलेली असतात की त्यांतले एकही पक्के नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. मला या नावाची हकीकत त्या उत्तरांपेक्षा कितीतरी अधिक मोलाची वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

बहुतेक जुन्या फ्रेंच नावांचा माग लॅटिन, ग्रीक, हिब्रू किंवा जर्मानिक भाषांपर्यंत काढता येतो आणि वाटेत एखादी संत स्त्री भेटतेच. मिरेयचे तसे नाही. हे नाव लोकांच्या वापरात आले ते १८५९ नंतर, आणि ते आणले एका कवीने. त्या वर्षी फ्रेदेरिक मिस्त्राल याचे 'मिरेयो' हे बारा सर्गांचे काव्य आव्हिन्योंमध्ये प्रसिद्ध झाले. मिस्त्राल हा ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यातील मायान या गावच्या सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म १८३० चा. कायद्याचे शिक्षण घेऊन तो गावी परतला आणि ज्या प्रोव्हान्साल भाषेला पॅरिसचे लोक शेतकऱ्यांची बोली म्हणून हिणवत, तिच्यातच लिहायचे त्याने ठरवले. मूळ काव्यासमोरच्या पानावर त्याने स्वतःच केलेले फ्रेंच गद्य भाषांतर छापलेले होते. डाव्या पानावरची 'मिरेयो' उजव्या पानावर 'मिरेय' झाली. म्हणजे या नावाचे फ्रेंच रूपही त्याच्याच हातचे आहे.

काव्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण नावाचा पुढचा प्रवास तिच्याशी बांधलेला आहे. क्रो नावाच्या दगडगोट्यांच्या माळरानालगत एका मोठ्या वाडीचा मालक रामोन राहतो. मिरेयो ही त्याची मुलगी. व्हालाब्रेगच्या एका बुरुडाचा मुलगा व्हेंसें टोपल्या विणत आणि दुरुस्त करत बापाबरोबर गावोगाव फिरतो. रेशमाच्या किड्यांसाठी तुतीचा पाला ओरबाडताना दोघे एकाच झाडावर असतात आणि तिथे त्यांचे मन जुळते. मेंढ्यांचा मालक, घोड्यांचा मालक आणि रानबैलांना वठणीवर आणणारा उरियास अशा तीन मागण्या मिरेयो नाकारते. उरियास व्हेंसेंवर हल्ला करतो. टोपल्या विणणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायला बाप तयार होत नाही. तेव्हा ती रात्रीच घर सोडते आणि क्रोचा माळ व कामार्गचा खारा प्रदेश तुडवत समुद्राकाठच्या दोन मारींच्या, म्हणजे त्या नावाच्या दोन संत स्त्रियांच्या, चर्चकडे नवस बोलायला निघते. वाटेत तिला ऊन लागते आणि त्या चर्चमध्येच तिचा अंत होतो.

आता नावाकडे वळतो. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत मिस्त्रालने ते कुठून मिळाले हे स्वतः सांगितले आहे. त्याची आईकडची आजी नानोन आपल्या मुलींपैकी एखादीला कुरवाळताना 'ही माझी मिरेयो, सुंदर मिरेयो' अशा अर्थाचे काहीतरी म्हणत असे, आणि त्याची आईसुद्धा वाटेने जाणाऱ्या एखाद्या मुलीकडे पाहून थट्टेने तेच शब्द उच्चारी. हे नाव त्याने पाळण्यात असल्यापासून ऐकले होते, पण फक्त आपल्या घरात. ही मिरेयो कोण, असे त्याने विचारले तेव्हा कोणालाच काही सांगता येईना. कधीकाळी तिची काही कथा असावी, ती लोप पावली आणि नाव तेवढे उरले, असे त्याला वाटले.

माझे मत असे आहे की या नावाच्या उगमाबद्दल खात्रीने सांगण्यासारखे एवढेच आहे: एका शेतकरी घराण्यातील आजीच्या तोंडचे हे लाडाचे संबोधन होते. त्याच्या मागचे धातू आणि प्रत्यय हे नंतरचे तर्क आहेत. मारीशी जोडलेला संबंधही नंतरचा आहे आणि त्यामागे एक प्रसंग आहे. मिस्त्रालच्या एका कविमित्राच्या मुलीचे नाव मिरेय ठेवायचे ठरले आणि मिस्त्राल स्वतः तिचा धर्मपिता (गॉडफादर) होणार होता. या नावाची कोणी संत नसल्यामुळे पाद्री बाप्तिस्म्याला राजी होईना. तेव्हा मिस्त्रालने त्याला समजावले, की हे मिरियाम या हिब्रू नावाचे, म्हणजे मारीचेच, प्रोव्हान्साल रूप आहे. पाद्र्याने ते मान्य केले आणि ती व्युत्पत्ती तेव्हापासून नावाला चिकटली. ती बाप्तिस्म्याच्या गरजेतून पुढे आलेली आहे, हे अर्थ सांगताना विसरता कामा नये.

जाणकारांनी यात भर घालावी, ही विनंती.

रानजाई

शब्दयात्री, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी फ्रेंच शिकवते आणि हा प्रश्न वर्गातही येतो, म्हणून भाषेच्या अंगाने थोडे लिहिते.

'अद्भुत' हा अर्थ कुठून येतो ते पाहू. लॅटिनमध्ये 'मिरारी' म्हणजे विस्मयाने पाहणे. त्यावरून प्रोव्हान्सालमध्ये 'मिरार' हे क्रियापद आले आणि फ्रेंचमधील 'मिर्वार', म्हणजे आरसा, हा शब्दही त्याच कुळातला आहे. लॅटिन 'मिराबिलिया'पासून फ्रेंचमध्ये 'मेर्व्हेय' झाला, म्हणजे नवल. फ्रेंच कानाला 'मिरेय' आणि 'मेर्व्हेय' हे एकमेकांचे यमक वाटतात आणि तिथेच हा अर्थ घट्ट बसला, असे मला वाटते. शेक्सपिअरच्या मिरांडाचे नाव याच लॅटिन धातूवरून बेतलेले आहे, त्यामुळे 'मिर'ने सुरू होणारे स्त्रीनाम म्हणजे पाहण्याजोगी स्त्री, ही समजूत युरोपात तशीही परिचित होती.

पण ध्वनिनियम लावून पाहिले की अडचण येते. ऱ्होनकाठच्या प्रोव्हान्सालमध्ये फ्रेंच 'मेर्व्हेय'चा जोडीदार 'मेराव्हियो' असा आहे. त्यातला मधला 'व्ह' गाळून 'मिरेयो' कसे झाले असेल, हे दाखवता येत नाही. मिरेयो आणि मिरेय ही जोडी मात्र अगदी नियमित आहे. प्रोव्हान्सालमध्ये म्हातारीला 'व्हियेयो' म्हणतात आणि फ्रेंचमध्ये 'व्हियेय' म्हणतात. शेवटचा 'ओ' हा तिथला स्त्रीलिंगी प्रत्यय आहे आणि फ्रेंचमध्ये जाताना तो मावळतो. म्हणून मिस्त्रालने उजव्या पानावर जे रूप दिले, ते भाषेच्या चालीला धरूनच होते.

मिरियामबद्दल तुमच्याशी मी सहमत आहे. 'याम'चे 'एयो' होण्याचा दुसरा दाखला माझ्या पाहण्यात आलेला नाही. शिवाय मिरियामचा मूळ अर्थ काय, यावरच अभ्यासकांत मतभेद आहेत, तेव्हा एका अनिश्चित नावाचा खुलासा दुसऱ्या अनिश्चित नावाने करून हाती फारसे लागत नाही.

दक्षिणवारा

दोघांच्याही मांडणीबद्दल आदर राखून मी मारीची बाजू थोडी उचलून धरतो. नोकरीच्या निमित्ताने आर्लमध्ये राहत असताना सेंत-मारी-द-ला-मेरला बऱ्याचदा जाणे झाले, आणि तिथे गेल्यावर हा संबंध केवळ पाद्र्याची समजूत घालण्यापुरता होता असे मानणे मला जड जाते.

काव्याचा शेवट ज्या चर्चमध्ये होतो ते त्या गावात आहे. बाहेरून ते किल्ल्यासारखे दिसते, कारण समुद्रावरून येणाऱ्या हल्लेखोरांच्या भीतीने ते तसेच बांधले गेले. जाड भिंती, चिंचोळ्या खिडक्या आणि वर फिरायला तटासारखी जागा. प्रोव्हान्सच्या श्रद्धेनुसार ख्रिस्ताच्या मरणानंतर मारी जाकोबे आणि मारी सालोमे या शिडे-वल्ही नसलेल्या नावेतून या किनाऱ्याला लागल्या. त्यांच्या अस्थींच्या पेट्या गर्भगृहाच्या वरच्या मजल्यावरील देवघरात ठेवलेल्या आहेत. मे महिन्याच्या २४ तारखेला त्या पेट्या उंचावरच्या खिडकीतून दोरांनी हळूहळू खाली सोडल्या जातात. दोरांना फुलांचे गुच्छ बांधलेले असतात आणि खाली उभी असलेली माणसे पेटीला हात लागावा म्हणून मेणबत्त्या घेऊन टाचा उंचावत राहतात. त्याच वेळी तळघरातील सारा या सावळ्या मूर्तीच्या दर्शनाला युरोपभरातून रोमा लोक येतात आणि तिला मिरवत समुद्रापर्यंत नेतात.

मिरेयोचा शेवट या दोन मारींच्या पायाशी होतो. संकटात त्यांच्याकडे धाव घ्यावी असे व्हेंसेंनेच तिला एकदा सांगितलेले असते आणि अखेरीस त्या तिला दर्शन देतात. ज्या कवीने आपल्या नायिकेला शेवटी मारींच्या स्वाधीन केले, त्याच्या मनात मिरेयो आणि मारी ही दोन नावे जवळजवळ नांदत नसतील, हे मला पटत नाही. भाषाशास्त्र काहीही म्हणो, ज्यांनी हे नाव मुलींना दिले त्यांतल्या पुष्कळांनी ते मारीचे नाव म्हणूनच दिले. नावाच्या अर्थात त्यांच्या समजुतीलाही जागा असली पाहिजे.

गावातल्या चौकात मिरेयोचा पुतळा आहे. एरवी पुतळा उभारला जातो तो होऊन गेलेल्या माणसाचा. इथे काव्यातल्या मुलीचा आहे, आणि गावकरी तिच्याबद्दल बोलतात तेही गावातल्याच मुलीबद्दल बोलावे तसे.

शब्दयात्री

दक्षिणवारा, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण इथे उगम आणि अर्थ यांची फारकत करावी लागेल. लोकांनी नावात मारी पाहिली, हे खरेच आहे आणि फ्रान्समध्ये मिरेयचा नामदिन (त्या नावाच्या संताचा दिवस) १५ ऑगस्टला, म्हणजे मारीच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, धरला जातो तोही त्याच समजुतीमुळे. (आपल्याकडच्या मुलीला ही तारीख विसरणे अशक्यच आहे.) परंतु नानोन आजीच्या तोंडी ते नाव होते तेव्हा तिला मारी अभिप्रेत होती, असे मानायला कोणताच आधार नाही. मारी हे नाव तर त्या प्रदेशात घरोघर होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. मिरेयो जर त्याचेच रूप असते, तर मिस्त्रालच्या घरच्या माणसांनी विचारल्यावर तसे सहज सांगितले असते.

न्यायप्रिय

बाप्तिस्म्याच्या प्रसंगात फक्त पाद्री होता, पण फ्रान्समध्ये नावाला दुसराही दरवाजा ओलांडावा लागे, तो म्हणजे नगरपालिकेचा. त्याबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय मिरियामची व्युत्पत्ती इतकी का तगली हे कळणार नाही.

फ्रेंच क्रांतीच्या काळात लोकांनी मुलांना मनाला येतील ती नावे दिली. त्याला आळा घालण्यासाठी क्रांतीच्या पंचांगानुसार ११ जेर्मिनाल, वर्ष ११, म्हणजे १ एप्रिल १८०३ रोजी एक कायदा झाला. त्यानुसार जन्मनोंदणीत फक्त दोन प्रकारची नावे घेता येत: निरनिराळ्या पंचांगांत प्रचलित असलेली आणि प्राचीन इतिहासातील ज्ञात व्यक्तींची. पंचांगातली नावे म्हणजे व्यवहारात संतांची नावे. मिरेय या दोन्हींत बसत नव्हते. तिची कोणी संत नव्हती, आणि प्राचीन इतिहासात शोधायला जावे तर ती छापखान्यातून बाहेर पडून फार वर्षे झालेली नव्हती. अशा वेळी 'हे मारीचेच प्रादेशिक रूप आहे' हा युक्तिवाद नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यापुढेही उपयोगी पडणारा होता. कायदा एक असला तरी त्याचा अर्थ लावणे अधिकाऱ्याच्या हाती असे आणि सर्वत्र सारखी कडकाई होत नसे, म्हणून हे नाव हळूहळू रुळत गेले.

प्रादेशिक नावांना रीतसर मोकळीक मिळाली ती बरीच उशिरा. १२ एप्रिल १९६६ च्या सरकारी सूचनेने स्थानिक परंपरेतील नावे, पुराणकथांतील नावे आणि काही लाडाची रूपे स्वीकारण्यास संमती दिली. त्याआधी मुलांना ब्रेतोन (ब्रिटनी प्रांतातील भाषेतली) नावे देण्याचा आग्रह धरणाऱ्या एका कुटुंबाची मुले कित्येक वर्षे नोंदणीविना राहिली होती आणि ते प्रकरण फ्रान्सभर गाजले होते. पूर्ण स्वातंत्र्य ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने आले. तेव्हापासून नाव निवडणे हा आईवडिलांचा हक्क आहे आणि मुलाच्या हिताला बाध येत असेल तर अधिकारी ते सरकारी वकिलाला कळवतो आणि तो प्रकरण न्यायालयाकडे नेऊ शकतो. तेव्हा शब्दयात्री यांच्या भाचीला आज कोणापुढे मिरियामचा दाखला द्यावा लागणार नाही.

स्वरगंध

हे नाव प्रोव्हान्सच्या बाहेर पोहोचवण्यात संगीताचा वाटा मोठा आहे. प्रोव्हान्साल काव्य मुळातून वाचणारे थोडेच होते. फ्रेंच कवी लामार्तीनने १८५९ मध्येच एका प्रदीर्घ लेखात एक महान महाकवी जन्माला आला असे जाहीर करून मिस्त्रालला पॅरिसच्या वाचकांसमोर आणले आणि मिस्त्रालने ते काव्य त्यालाच अर्पण केले. पण नाव कानोकानी गेले ते संगीतकार शार्ल गूनोच्या 'मिरेय' या ऑपेरामुळे. त्याचा पहिला प्रयोग १९ मार्च १८६४ रोजी पॅरिसमध्ये तेआत्र लिरिक या नाट्यगृहात झाला.

गूनोने हे काम मनावर घेतले होते. १८६३ च्या वसंतात तो प्रोव्हान्समध्ये जाऊन राहिला, मिस्त्रालला भेटला आणि सें-रेमीच्या परिसरात बसून त्याने बरेचसे संगीत रचले. तरीही पहिला प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही. नायिकेची भूमिका करणारी मिओलां-कार्व्हालो ही नाजूक, चपळ गळ्याची गायिका होती. क्रोच्या माळावरचा प्रवेश मात्र भारदस्त आणि दमदार आवाज मागणारा आहे. एकाच भूमिकेत या दोन वेगळ्या आवाजांची गरज आहे आणि ती अडचण आजच्या गायिकांनाही येते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ऑपेराला कात्री लावून तो तीन अंकांचा केला गेला आणि शेवटही बदलला: नायिका जगते आणि तिचे लग्न लागते. मला हा बदल अजिबात मान्य नाही, कारण त्यात क्रोचा तो सगळा जीवघेणा प्रवास वायाच जातो. मूळ आराखड्याला धरून रचना पुन्हा उभी राहिली ती १९३९ मध्ये पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकमध्ये.

याच काव्याने फ्रान्सला आणखी एक नाव दिले आहे, ते म्हणजे मागाली. तिसऱ्या सर्गात रेशमाचे कोष सोडवत बसलेल्या मुलींपैकी एक जण मागालीचे गाणे म्हणते. त्यात प्रियकर साद घालतो आणि मागाली दर कडव्यात रूप पालटून निसटते. ती मासोळी झाली की तो कोळी होतो, ती पाखरू झाली की तो पारधी होतो. मिस्त्रालने हे गाणे जुन्या लोकगीताच्या आधारे रचले आणि चाल घरच्या नांगऱ्याकडून ऐकलेली वापरली. गूनोने ऑपेराच्या दुसऱ्या अंकात त्याचे युगुलगीत केले आहे. मागाली हे मार्गेरित या नावाचे प्रोव्हान्साल रूप समजले जाते, म्हणजे त्याला निदान एका संत स्त्रीचा आधार आहे. फ्रेंच मुलींत ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगलेच पसरले.

रानजाई

स्वरगंध, मागालीचा उल्लेख छान केलात. तिच्यामुळे आणखी एक प्रश्न सुचतो. मिस्त्रालने पुढेही नायिका निर्माण केल्या. १८६७ च्या 'कालांदाऊ'मध्ये एस्तेरेलो आहे, १८८४ च्या 'नेर्तो'मध्ये त्याच नावाची नायिका आहे. प्रोव्हान्सालमध्ये नेर्तो म्हणजे मर्टल, एक सुवासिक भूमध्यसागरी झुडूप, म्हणजे हिच्या नावाचा अर्थ अगदी स्वच्छ आहे. तरीही नेर्त हे नाव प्रोव्हान्सच्या एखाद्या घरापलीकडे गेले नाही. जिचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता ती मिरेय मात्र देशभर झाली.

याची कारणे मला तरी उच्चारात आणि कथेत दिसतात. मिरेय हा उच्चार फ्रेंच जिभेला परका नाही. 'सोलेय', म्हणजे सूर्य, आणि 'आबेय', म्हणजे मधमाशी, हे रोजचे शब्द तसेच संपतात. 'नेर्त' कानाला तुटक लागते. आणि जातीपातीसारख्या आर्थिक भिंतीपुढे न वाकणारी मुलगी ही गोष्ट कोणत्याही प्रदेशातल्या आईला समजणारी होती.

काठेवाट

वाचनमात्र असते, पण एक शंका विचारते. मराठीत हे नाव कसे लिहावे? वर्तमानपत्रांत 'मिरेली', 'मिरेल', 'मायरेली' अशी रूपे दिसतात.

रानजाई

काठेवाट, यात 'ल'चा उच्चार अजिबात होत नाही. फ्रेंचमध्ये ती अक्षरे लिहिण्यापुरती असतात. 'मि' ऱ्हस्व, 'रे' किंचित उघडा आणि शेवटी हलका 'य्'. 'मिरेय' असे लिहिले आणि शेवटच्या य वर जोर दिला नाही की पुरेसे जवळ जाता येते. प्रोव्हान्साल रूप 'मिरेयो' असे लिहावे आणि जोर 'रे'वर द्यावा.

दक्षिणवारा

या नावाच्या चढउताराबद्दल थोडे. ते सर्वाधिक ठेवले गेले १९४० च्या दशकात. काव्य येऊन तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती, त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ आईवडिलांना मिस्त्राल आठवतही नसेल, ओळखीतल्या कोणा मिरेयवरून त्यांनी नाव घेतले असेल. गायिका मिरेय माथिए १९४६ ची. तिचा जन्म मात्र थेट आव्हिन्योंचा, म्हणजे जिथे ते काव्य छापले गेले त्याच शहरातला. दगड घडवणाऱ्या गरीब बापाच्या चौदा मुलांतली ही थोरली. अभिनेत्री मिरेय दार्क १९३८ ची, तूलोंची, तीही दक्षिणेचीच. विधिज्ञ मिरेय देल्मा-मार्ती १९४१ ची, पण पॅरिसमध्ये जन्मलेली. या तिघींच्या जन्मगावांवरूनही नाव दक्षिणेपुरते राहिले नव्हते, हे दिसते.

आज नवजात मुलींत हे नाव क्वचितच आढळते. फ्रेंच लोकांना ते आजीच्या पिढीचे वाटते. आर्लमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या बाईंचे हेच नाव होते आणि आपल्या नातीने ते नाव पुढे चालवावे असे त्यांना फार वाटे. सुनेला ते जुनाट वाटले आणि शेवटी मधले नाव म्हणून त्याची नोंद झाली. फ्रान्समध्ये जुन्या नावांना अशी मधल्या नावाची जागा मिळते, हा पर्याय शब्दयात्री यांच्या भाचीनेही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शब्दयात्री

सर्वांच्या प्रतिसादांनी धागा फार समृद्ध झाला. नावांच्या बाबतीत मिस्त्रालचे स्वतःचे जे अनुभव आहेत, त्यांची भर घालतो, कारण ते या चर्चेला थेट लागू पडतात.

तो ८ सप्टेंबरला, मारीच्या जन्माच्या सणादिवशी जन्मला. आठवणींत तो सांगतो की त्याच्या आईला त्याचे नाव नोस्त्रादामुस ठेवायचे होते. एक तर ते 'आमची माता' या मारीच्या संबोधनाशी जुळत होते आणि दुसरे म्हणजे शेजारच्या सें-रेमीत जन्मलेल्या प्रसिद्ध भविष्यवेत्त्याचे ते नाव होते. पण नगरपालिका आणि पाद्री, दोघांनीही ते नाकारले. न्यायप्रिय यांनी सांगितलेले दोन्ही दरवाजे या मुलासाठी जन्मतःच बंद झाले होते. पुढे आपल्या धर्मकन्येच्या वेळी तोच माणूस पाद्र्याशी वाद घालून नाव मंजूर करून घेतो, यात मला त्याच्या आईला मिळालेल्या त्या नकाराची आठवण दिसते.

मग फ्रेदेरिक हे नाव कसे आले, तर त्याचे आईवडील लग्नापूर्वी एकमेकांना जे निरोप पाठवत ते पोहोचवणारा एक गरीब पोरगा होता, त्याचे ते नाव. तो पोरगा थोड्याच काळात ऊन लागून मेला आणि त्याची आठवण म्हणून त्यांनी मुलाला त्याचे नाव दिले. आता मिरेयोचा शेवट आठवा. कामार्गच्या खाऱ्या प्रदेशात, सावलीला झाड नसताना, तिच्या डोक्यात ऊन भरते. कवीने तसे जाणून योजले की नाही ते मी सांगणार नाही. परंतु प्रेमासाठी उन्हातून धावणारा तो मुलगा ज्याच्या नावात जिवंत होता, त्याच कवीने आपल्या नायिकेला हा मृत्यू दिला आहे, हे मला तिच्या नावाच्या कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा अधिक सांगून जाते.

आणखी एक. २१ मे १८५४ रोजी फों-सेग्यून येथे सात कवी जमले आणि प्रोव्हान्साल भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी त्यांनी 'फेलिब्रीज' ही मंडळी स्थापन केली. स्वतःला त्यांनी 'फेलिब्र' म्हणवून घेतले. हा शब्दही मिस्त्रालनेच सुचवला आणि तोही त्याला मायानमध्ये ऐकलेल्या एका जुन्या भक्तिगीतात मिळाला होता. त्यात बाळ येशू 'धर्मशास्त्राच्या सात फेलिब्रां'शी वाद घालतो. फेलिब्र म्हणजे नेमके काय, हे गाणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते आणि त्याच्या व्युत्पत्तीवर पुढे अनेकांनी तर्क केले. घरच्या वा गावच्या तोंडी उरलेला, अर्थ हरवलेला शब्द उचलायचा आणि त्याला नवे काम द्यायचे, ही या माणसाची रीतच होती. मिरेयो हे त्याच रीतीचे दुसरे फळ आहे. म्हणून रानजाई यांनी ध्वनिनियमांबद्दल जे लिहिले ते मी पूर्ण मानतो आणि नानोन आजीपलीकडे मी जाणार नाही.

दक्षिणवारा

फेलिब्र शब्दाचा दाखला जोरकस आहे. तरीही सेंत-मारीच्या लोकांना मी मिरेय म्हणजे मारी नव्हे असे सांगायला जाणार नाही.

काठेवाट

मग भाचीला शेवटी काय कळवले, हे वाचायला आवडेल.

शब्दयात्री

काठेवाट, तिला या धाग्यातील मजकूर संक्षेपाने लिहून पाठवला आहे. अर्थाच्या रकान्यात काय लिहावे असे तिने विचारले होते, कारण बारशाच्या पत्रिकेवर तिला नावाखाली एक ओळ हवी आहे. मी तिला 'अद्भुत' असे लिहू नकोस, असे सुचवले आणि त्याऐवजी 'प्रोव्हान्समधील एका आजीने आपल्या मुलींना लाडाने दिलेले नाव' ही ओळ दिली. घरच्यांचे एकमत अजून झालेले नाही. तिच्या सासूबाईंना मागाली अधिक पसंत आहे.